गाडी क्रमांक सात पुन्हा तापू देण्याच्या आदेशाबाबत

प्रति,
मा. वाहन अधीक्षक,
वाहन विभाग, नगर आरोग्य कार्यालय,
पहिला मजला, पडदे लावलेले दालन.

विषय : गाडी क्रमांक सात "मूळ स्थितीत" आणण्याचा आपला आदेश मी रविवारी पाळला व आज शुक्रवारी सकाळी मोडला, त्याबाबत.

संदर्भ : १) आपले ज्ञापन दि. २८ फेब्रुवारी, "गाडीत विनापरवाना बटण बसविल्याबाबत".
२) माझा तातडीचा अर्ज दि. ११ मार्च, जो दोन दिवसांनी "तपासणी शाखेकडे विचारणा करावी" असा शेरा पाठीवर घेऊन माझ्याकडेच परत आला.

महोदय,

१. खाली सही करणारा मी गाडी क्रमांक सातचा चालक आहे. नऊ वर्षे हीच गाडी चालवतो. टेकडीपलीकडच्या वसाहतीतून चार रुग्णांना दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी रुग्णालयात आणणे व परत घरी सोडणे हे माझे काम. ही माहिती आपल्या दालनापर्यंत याआधी पोचली नसावी, असे आपल्या ज्ञापनावरून वाटते, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत त्यांचे रक्त मशीनवर चार तास धुवावे लागते. मशीन आठला सुरू होते. बाराला पुढची तुकडी येऊन बसते. आठच्या माणसाला दहा वाजले तर त्याला दोनच तास मिळतात, कारण बाराच्या माणसालाही जगायचे असते. गाडी वेळेवर पोचणे म्हणजे काय, हे यावरून लक्षात यावे. आपल्याकडे वेळेवर पोचणे म्हणजे हजेरीपटावर सही, एवढाच अर्थ होतो, हे मला ठाऊक आहे.

२. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गाडी तापू लागली. सपाट रस्त्यावर काही नाही. टेकडीचा चढ लागला, गाडी दुसऱ्या गिअरवर आली, की पाच मिनिटांत काटा लाल पट्टीत आणि बॉनेटखालून वाफ. यामागचे कारण समजायला अभियंता लागत नाही. गाडी वेगात असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरमधले पाणी गार करतो. चढावर किंवा सिग्नलला गाडी हळू होते, वारा मिळत नाही, तेव्हा रेडिएटरमागचा पंखा फिरून ते काम करतो. पाणी तापले की एक सेन्सर पंख्याला सांगतो, आणि पंखा सुरू होतो. माझ्या गाडीत पाणी उकळत असतानाही पंखा ढिम्म हलत नव्हता. मी तसे लेखी कळवले. तो माझा या प्रकरणातील पहिला अर्ज. हा अकरावा आहे.

३. तपासणी झाली. ती कशी होते, हे आपण स्वतः कधी पाहिले नसेल, कारण ती तळमजल्यावर होते. आपल्या विभागाचे परिपत्रक आहे की कोणतीही गाडी पूर्ण गार झाल्याशिवाय तपासणीस घेऊ नये. या परिपत्रकाचा इतिहास जुन्या फोरमनने मला सांगितला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तपासनिसाने उकळत्या रेडिएटरचे झाकण उघडले आणि हात भाजून घेतला. शहाणा विभाग असता तर "तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये" असे लिहिले असते. आपल्या विभागाने तापलेली गाडीच बघायची नाही असे ठरवले. तेव्हापासून गाडी आदल्या संध्याकाळी आवारात लावायची, रात्रभर गार करायची आणि सकाळी साडेदहाला तपासनिसांनी बॉनेटवर तळहात ठेवून "गार आहे" अशी नोंद केल्यावर तपासणी सुरू करायची. या कारणाने सध्याच्या तपासनीस साहेबांना आम्ही चालक आपसात गारसाहेब म्हणतो. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतेही, असे दिसते.

४. गारसाहेबांनी गार गाडी चालू केली, पंख्याकडे दोन मिनिटे पाहिले आणि "पंखा फिरत नाही, सबब नादुरुस्त" असा शेरा मारला. गार इंजिनात पंखा फिरत नसतो. तापल्यावर न फिरणे हा दोष. गार असताना न फिरणे हा त्याचा स्वभाव. हे मी नम्रपणे सांगितले. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही गाडी चालवा, आम्ही तपासतो." मी गाडी चालवली. त्यांनी पंखा बदलला. नवा पंखाही गार इंजिनात फिरला नाही, म्हणून तो सदोष ठरवून परत पाठवला व दुसरा आणला. तोही पहिल्या दोघांसारखाच वागला. मे महिना संपेपर्यंत गाडी क्रमांक सातने तीन पंखे पाहिले. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच, फक्त येथे पखालीही दोन वेळा बदलल्या.

५. तिसऱ्या पंख्याच्या वेळी फोरमनने डोके चालवले आणि पंख्याच्या तारा थेट बॅटरीला लावून पाहिल्या. पंखा गरगरा फिरला. गारसाहेबांना एवढा आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे "पंखा चालू, चालकाची तक्रार निराधार" असे लिहून टाकले. मी रेडिएटरच्या जाळीपुढे रुमाल धरला. पंखा वारा आत ओढत असेल तर रुमाल जाळीला चिकटतो. माझा रुमाल उडून माझ्याच तोंडावर आला. म्हणजे पंखा बसवताना दोन तारांची अदलाबदल झाली होती आणि तो उलटा फिरत होता. समोरचा वारा आत येऊ पाहतो, हा आतून त्याला हाकलतो. हे दाखवल्यावर गारसाहेब म्हणाले की अहवालावर सही झाली आहे. तारा मी त्याच दुपारी सरळ केल्या. आपल्या ज्ञापनात हा माझा दुसरा अपराध म्हणून नोंदवला आहे.

६. जूनमध्ये समिती नेमली गेली. समितीत गारसाहेब, भांडारपाल आणि आपल्या कार्यालयातील एक वरिष्ठ लिपिक होते. लिपिक साहेबांना गाडी चालवता येत नाही, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत प्रांजळपणे सांगितले; त्या बैठकीतले खरे विधान ते एकच. समितीने दोन शिफारशी केल्या. पहिली, चढावर गाडी सावकाश न्यावी. गाडी आधीच सावकाश जाते म्हणून तापते, अधिक सावकाश नेली तर अधिक तापेल, हे मी सांगणार होतो, पण चालकाला बैठकीत बोलण्याची तरतूद नव्हती. दुसरी शिफारस अशी की काटा वर जाऊ लागला की गाडीतला हीटर पूर्ण चालू करावा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत प्रवाशांकडे जाईल. ही युक्ती खरी आहे, मलाही ठाऊक होती. अडचणीच्या वेळी एखादवेळ करावी, अशी ती आहे. जूनच्या उकाड्यात, चार आजारी माणसे मागे बसलेली असताना, दर खेपेला करावी अशी ती नाही.

७. तरी मी ती केली, कारण आदेश होता. आता एक गोष्ट लिहितो जी समितीच्या अहवालात नाही. डायलिसिसच्या रुग्णांना पाणी मोजून प्यावे लागते. लघवी होत नाही, प्यालेले सगळे अंगात साठते, पाय सुजतात, छातीत पाणी भरते. माझ्या गाडीत दर खेपेला दोन मोठे कॅन पाणी असायचे, ते रेडिएटरसाठी. वर, चढाच्या मध्यावर पंक्चरवाल्याचे दुकान आहे. तो आमची गाडी दिसली की पाण्याची बादली भरून ठेवायचा. एकदा आम्ही उशिरा आलो तर काळजीने चढ उतरून खाली बघायला आला होता. तर हीटर चालू, खिडक्या उघड्या, सगळ्यांचे ओठ कोरडे, गाडी उभी, आणि मी वाफ जिरली की रेडिएटरमध्ये घळाघळा पाणी ओततो आहे, हे चौघे बसून बघत असत. बाई एकदा म्हणाल्या, "जावईबापू, गाडीला दोन बादल्या आणि मला दिवसाला चार कप. पुढच्या जन्मी तुमच्या साहेबांची गाडी होईन म्हणते."

८. या बाईंविषयी लिहिणे भाग आहे. बाई म्हणजे शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. तीस वर्षे विज्ञान शिकवले. माझी पत्नी त्यांची विद्यार्थिनी. "माझी मुलगी तुमच्या घरात दिली आहे" असे म्हणून त्या मला पहिल्या दिवसापासून जावई म्हणतात आणि सासूचे सगळे हक्क बजावतात. माझ्या शर्टाचे बटण तुटले असेल तर ते त्या गाडीत बसण्याआधी सांगतात. गाडीत मागच्या सीटवर खिडकीशी त्यांची जागा ठरलेली आहे, शेजारी शिंपीकाका, जे मशीनवर पडल्या पडल्याही काजे करत असतात. बाईंना घरी कोणी नाही. त्यांना वेळेवर मशीनवर नेणारे या जगात कोणी असेल तर ती आपली गाडी क्रमांक सात आहे. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही, रुग्णनोंदणी अर्जावरच "आणण्याची जबाबदारी : विभागाचे वाहन" असे छापलेले आहे.

९. जुलैच्या पहिल्या रविवारी, माझ्या सुटीच्या दिवशी, मी गाडी चढावर नेली, तापवली आणि पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे बॉनेट उघडून बसलो. गाडी तापलेली असताना तपासणे ही आपल्या विभागाच्या इतिहासातील पहिलीच घटना असावी. फ्यूज पाहिला, तो चांगला. काटा लाल पट्टीत, तरी पंखा बंद. मग सेन्सरच्या दोन तारा काढून एकमेकींना टेकवल्या. पंखा लगेच सुरू झाला आणि दहा मिनिटांत काटा अर्ध्यावर आला. याचा अर्थ पंखा ठीक, फ्यूज ठीक, पंख्याला वीज सोडणारा रिले ठीक. अंगठ्याएवढा सेन्सर तेवढा मेला होता. पाणी तापले हे पंख्याला सांगणारा कोणी नव्हता. एप्रिल ते जुलै तीन पंखे, एक समिती आणि आठ अर्ज यांतून जे निघाले नाही ते अर्ध्या तासात निघाले, आणि त्यातली वीस मिनिटे गाडी तापण्याची वाट पाहण्यात गेली.

१०. सोमवारी मी भांडारपालांकडे सेन्सर मागितला. त्यांनी यादी पाहिली. यादीत सेन्सर नाही. यादीत नसलेली वस्तू मागवण्यासाठी ती नादुरुस्त असल्याचा तपासणी शाखेचा दाखला लागतो. तपासणी शाखा गार गाडी पाहते, आणि गार गाडीत सेन्सर गप्पच असतो, जिवंत असला तरी. भांडारपाल माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांना माझी दया आली व ते म्हणाले, "पंखा देऊ का आणखी एक?"

११. तेव्हा मी एक वीत तार आणि माझ्या मुलीच्या मोडक्या टेबललॅम्पचे बटण घेतले, सेन्सरच्या दोन तारा त्या बटणाला जोडल्या आणि बटण स्टिअरिंगच्या खाली बसवले. चढ लागला की बटण दाबायचे, पंखा सुरू. चढ संपला की बंद. आपल्या ज्ञापनात "आगीचा धोका" असे म्हटले आहे. वीज त्याच रिलेतून, त्याच फ्यूजमधून जाते. मी फक्त मेलेल्या सेन्सरचे काम अंगावर घेतले. जुलै ते फेब्रुवारी, आठ महिने गाडी एकदाही उकळली नाही. एकही रुग्ण एक मिनिटही उशिरा पोचला नाही. पंक्चरवाल्याने बादली दुसऱ्या कामाला लावली. आपल्या विभागाला या आठ महिन्यांत काही कळले नाही, कारण आपल्याकडे बिघाडाची नोंद होते, गाडी नीट चालल्याची नोंद करायला रकाना नाही.

१२. फेब्रुवारीत वार्षिक तपासणी झाली. गारसाहेबांनी बॉनेटवर तळहात ठेवला, "गार आहे" असे लिहिले, आणि आत बसताना त्यांचा गुडघा बटणाला लागला. पंखा सुरू झाला. ज्या पंख्याला गार गाडीत फिरताना बघायला ते वर्षभर आसुसले होते, तो अखेर गार गाडीत फिरला, आणि त्यांनी त्याच्यावर गुन्हा नोंदवला. बटण काढून पाकिटात घालून, लाख लावून पुरावा म्हणून कपाटात ठेवले. मला ज्ञापन मिळाले. त्यात चार आरोप आहेत : विनापरवाना बटण, पंख्याच्या तारांची दिशा बदलणे, सुटीच्या दिवशी गाडी जाणूनबुजून तापवणे, आणि चौथा, जो मी अनेकदा वाचला, "वरिष्ठांच्या आदेशाशिवाय इंजिन थंड ठेवणे". आदेश असा की ९ मार्चपर्यंत गाडी मूळ स्थितीत आणावी, अन्यथा शिस्तभंगाची कारवाई होईल.

१३. मूळ स्थिती म्हणजे कोणती, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. कारखान्यातून आली ती मूळ स्थिती म्हणावी तर तिच्यात सेन्सर जिवंत होता, आणि तो मला मिळत नाही. एप्रिलमधली म्हणावी तर पहिला पंखा हवा, तो भंगारात गेला. मेमधली म्हणावी तर पंखा पुन्हा उलटा करावा लागेल. ज्ञापन घेऊन मी आपल्या कार्यालयात विचारायला आलो. वरिष्ठ लिपिक म्हणाले की बटणाआधी जशी होती तशी करा. म्हणजे उकळणारी. मी विचारले, कुठे उकळावी? पहिल्या वळणावर उकळायची की पंक्चरवाल्यापाशी, हे सुद्धा मूळ स्थितीत ठरलेले होते. त्यांना मी चेष्टा करतो आहे असे वाटले. चेष्टा कोण करत होते ते आपणच ठरवावे.

१४. आदेशाची मुदत ९ मार्चला, रविवारी संपत होती. बटण जप्त झाल्यापासून त्याच्या जागी थेट जोडून ठेवलेली तार मी त्या दिवशी काढली. नोकरीची बारा वर्षे उरली आहेत आणि घरात दोन मुले शिकतात, म्हणून काढली. याबद्दल मी स्वतःला शिव्या दिल्या आहेत, त्या अर्जात लिहिता येत नाहीत.

१५. सोमवारी, १० मार्चला, गाडी पंक्चरवाल्याच्या अलीकडे शंभर पावलांवर उकळली. या वेळी नुसती वाफ नव्हती; वरचा पाइप फाटला. पंक्चरवाल्याने जुन्या ट्यूबची पट्टी करून तो बांधला, पाणी भरले, पुन्हा तापली, पुन्हा थांबलो. शिंपीकाकांना उन्हात चक्कर आली. आम्ही पावणेअकराला पोचलो. बाईंना मशीनवर सव्वा तास मिळाला. परत जाताना त्या खिडकीला डोके टेकून बसल्या. अशा त्या मला नऊ वर्षांत प्रथमच दिसल्या. मंगळवारी मी आपल्याला तातडीचा अर्ज दिला, तोच जो संदर्भ क्रमांक दोनवर आहे. त्यात मी फक्त एक वीत तार जोडण्याची परवानगी मागितली होती.

१६. बुधवारी बाई गाडीत बसल्या नाहीत. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी घरी मरेन, पण चढावर उकळून मरणार नाही. बाकीच्यांना घेऊन जा." मी हात जोडले. त्यांनी दार लावले. बाकी तिघांना घेऊन गेलो, गाडी दोनदा थांबली, तीही हकीकत मी लॉगबुकात लिहिली आहे, तेथे कोणी वाचत नाही. गुरुवारी दुपारी आपला शेरा आला, "तपासणी शाखेकडे विचारणा करावी". मी गारसाहेबांकडे गेलो. त्यांनी सांगितले की गाडी आज संध्याकाळी आवारात लावा, उद्या सकाळी साडेदहाला पाहू. मी विचारले, उद्या शुक्रवार आहे, आठला चौघांना मशीनवर कोण नेणार? ते म्हणाले, तो प्रश्न तपासणी शाखेच्या कक्षेत येत नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणा असतो तर आपल्या विभागात नऊ वर्षे टिकलो नसतो, म्हणून मला ते उत्तर समजायला थोडा वेळ लागला.

१७. गुरुवारी संध्याकाळी माझी पत्नी बाईंकडे जाऊन आली. बाईंचे पाय घोट्यापर्यंत नव्हे, गुडघ्यापर्यंत सुजले होते. आडव्या झाल्या की गुदमरत होत्या, म्हणून खुर्चीतच बसून होत्या. पत्नीने मला एवढेच विचारले की ती तार केवढी असते. मी हाताने दाखवले. साहेब, मला त्या क्षणी जी लाज वाटली ती कुठल्याही शिस्तभंगाच्या कारवाईत बसणार नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि आपल्या विभागात कोणाचे काहीच जळत नाही, एक गाडी क्रमांक सात सोडली तर. आपली स्वतःची गाडी रोज साडेपाचला पोर्चमध्ये अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभी असते, आपण खाली याल तेव्हा आतली हवा गार मिळावी म्हणून. तिचा पंखा सुरेख फिरतो, मी ऐकला आहे. तिची तपासणी कधी होत नाही, कारण ती कधी गारच नसते.

१८. आज, शुक्रवार दि. १४ मार्च, पहाटे सहाला मी सेन्सरच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून घट्ट बांधल्या. बटण आपल्या कपाटात लाखेखाली आहे, त्यामुळे किल्ली फिरवली की पंखा सतत फिरतो. फिरू दे. हे मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने केले आहे. फोरमन, भांडारपाल व पंक्चरवाला यांचा त्यात काही संबंध नाही. पंक्चरवाला तसाही आपल्या अखत्यारीत येत नाही, आला असता तर आमचे दिवस सुखाचे गेले असते.

१९. पत्नीला सोबत घेऊन मी बाईंच्या दारी गेलो. बाई खुर्चीत होत्या, बोलायला श्वास पुरत नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघून दोनच शब्द विचारले, "तार जोडलीत?" मी "हो" म्हणालो. त्या पत्नीच्या खांद्याला धरून उठल्या. चढ आम्ही अकरा मिनिटांत चढलो, काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. पावणेआठला रुग्णालयात होतो. डॉक्टरांनी बाईंना पाहिले आणि माझ्या पत्नीला बाजूला घेऊन सांगितले की आजचा दिवस चुकला असता तर सोमवारी आणायला कोणी उरले नसते. शब्द त्यांचे आहेत. मी ते येथे लिहिले, कारण आपल्याकडे लिहिलेलेच खरे धरतात.

२०. हा अर्ज मी रुग्णालयाच्या आवारात, स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितो आहे. साडेदहा झाले आहेत. आत्ता आवारात गारसाहेब एका रिकाम्या जागेकडे बघत असतील. गाडी तपासणीस हजर केली नाही, आदेशानंतर पुन्हा फेरफार केला, वरिष्ठांविषयी अनादराने लिहिले, हे तीन आरोप मी आधीच मान्य करतो, म्हणजे चौकशी समितीचा वेळ वाचेल. ज्ञापनातल्या चौथ्या आरोपाचे उत्तर वेगळे देत नाही. इंजिन मी थंड ठेवले. आदेश नव्हता, हेही खरे.

२१. माझी विनंती मोजकी आहे. बाई बारापर्यंत मशीनवर आहेत, नंतर तासभर त्यांना झोपवून ठेवतील. दीड वाजता मी चौघांना घरी सोडायला निघेन, तीनपर्यंत शेवटच्या दारी पोचेन. गाडी जप्त करायची असल्यास तीननंतर करावी; मी स्वतः आवारात आणून किल्ली टेबलावर ठेवीन, पळून जाणार नाही, पळायला गाडी लागते आणि ती आपण जप्त करणारच आहात. तीनच्या आधी कोणी गाडीला हात लावायला आले, तर मागे बसलेल्या चौघांना आपण कसे घरी सोडणार आहात हे त्याच्याजवळ लिहून पाठवावे. शेरा चालणार नाही.

२२. आणि शेवटचे. सोमवारी सकाळी सव्वासहाला बाई दारात तयार होऊन उभ्या असतील. आज त्यांनी मशीनवर जाताना मला तसे सांगितले आहे, आणि त्या शब्दाच्या पक्क्या आहेत. त्यांच्या दारी कोणती गाडी येणार आणि तिचा पंखा फिरतो की नाही, एवढे मला आजच्या आज कळवावे. मी त्या दिवशी आपल्या नोकरीत असेन की नाही, ते सावकाश कळवले तरी चालेल.

आपला, अजून तरी आपलाच,
(सही)
चालक, गाडी क्रमांक सात

डायलिसिस विभागाबाहेर, झाडाखाली.
शुक्रवार, दि. १४ मार्च, सकाळी १०.४०.